टोपीवालं रूप

"विचार," आबा म्हणाले.

त्यांच्या अर्ध्या गालाला साबण होता. दाराच्या चौकटीला टांगलेल्या आरशातून ते एका डोळ्यानं माझ्याकडं बघत होते. मी ओट्यावर बसले होते आणि मांडीवर ते फ्रेंच व्याकरणाचं पुस्तक होतं. त्याचा पुठ्ठा कधीचा गळून गेलेला; मायनं त्या जागी जुन्या चादरीचा तुकडा शिवून दिला होता.

"असणे," मी म्हटलं.

"क ज फ्यूस," वस्तरा गालावरून खाली आला. "क त्यू फ्यूस. किल फ्यू."

"यू वर टोपी?"

"तिसरा पुरुष एकवचनी. टोपी आलीच. क नू फ्यूसिओं, क वू फ्यूसिए, किल फ्यूस. पुढचं विचार."

"येणे."

"क ज व्हँस, क त्यू व्हँस, किल व्हँ. याला पण टोपी."

चुलीपुढून माय म्हणाली, "गाल कापून घ्याल एखाद्या दिवशी त्या फ्यूफ्यूपायी."

आबा हसले नाहीत. त्यांनी वस्तरा पुसला आणि म्हणाले, "राहणे विचार."

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची, फेब्रुवारी-मार्चमधली. मी पंधरा वर्षांची होते, नववीत. आम्ही फर्दापूरला राहायचो, अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी. माझे वडील पुंजाजी तायडे लेण्यांमध्ये दिवा धरायचे. आत अंधार असतो, चित्रं भिंतीवर आणि छतावर. गाइड बोलतो त्या बाजूला उजेड पडावा लागतो. त्यासाठी लांब वायरचा एक मोठा दिवा असायचा आणि तो धरायला माणूस. आबांनी तो अठरा वर्षं धरला होता. औरंगाबादला वसतिगृहात राहून ते मॅट्रिक झाले होते, इंग्रजी त्यांना चांगलं यायचं, पण गाइड होण्याइतकी ओळख-पाळख नव्हती आणि इंग्रजीचे गाइड आधीच सात होते.

फ्रेंचचा एकही नव्हता. फ्रेंच पाहुणे यायचे, इंग्रजी गाइडमागं मुकाट फिरायचे आणि आपापसात बोलायचे. आबा दिवा धरून ऐकायचे. पहिली काही वर्षं नुसते आवाज ऐकले. मग औरंगाबादच्या रद्दीवाल्याकडं त्यांना ते व्याकरण मिळालं, इंग्रजांच्या पोरांसाठी छापलेलं, कोणत्या काळचं ते देवाला माहीत. त्यातली अक्षरं आणि लेण्यातले आवाज त्यांनी एकमेकांशी जुळवले. तीन वर्षं दररोज सकाळी दाढी करताना ते क्रियापदं चालवायचे आणि मी पुस्तकात बघून चुका काढायचे. चुका फारशा नसायच्या. त्या निमित्तानं माझ्याही डोक्यात सगळं बसलं.

काझीसाहेब म्हणून एक म्हातारे गाइड होते. त्यांनीच आबांना पर्यटन खात्याच्या परीक्षेचा अर्ज आणून दिला. सकाळी लेखी, दुपारी तोंडी, औरंगाबादला. पास झालं की फ्रेंच गाइडचा बिल्ला.

आबांचा जीव पुस्तकातल्या शेवटच्या बारा पानांवर होता. तिथं ते टोपीवालं रूप होतं; तिसऱ्या पुरुषी एकवचनात अक्षरावर टोपीसारखी खूण येते, म्हणून टोपीवालं. मला त्यांनी ते असं समजावलं होतं: "आपण 'यावं' म्हणतो ना, यशू, 'त्यानं यावं'? तसंच आहे. पण आपलं 'यावं' एकच. आज वाटलं तरी 'यावं', शंभर वर्षांमागं वाटलं असलं तरी 'यावं'. ह्यांच्याकडं दोन आहेत. त्या वेळी वाटत होतं, तेव्हाचं 'यावं' वेगळं. ते हे."

"एवढं कशाला पाहिजे?"

"लागतं," आबा म्हणाले. त्याहून जास्त काही त्यांनी तेव्हा सांगितलं नाही.

परीक्षेच्या दहा दिवस आधी क्लेअर आली. पॅरिसला चित्रकला शिकणारी मुलगी, तेवीस-चोवीस वर्षांची, केस पोरासारखे कापलेले. ती विश्रामगृहात उतरली होती आणि सतराव्या लेण्यातल्या एका चित्राची नक्कल करत होती. रोज सकाळी मी तिला दूध द्यायला जायचे. दिवसभर तिच्यासाठी दिवा आबाच धरायचे. पण तिच्याशी ते फ्रेंचमधून एक अक्षर बोलले नव्हते.

"बोला ना तिच्याशी," मी म्हणायचे. "घरबसल्या मास्तर मिळालाय."

"परीक्षा होऊ दे. बिल्ला लागला की बोलेन. आता बोललो तर ती म्हणेल, दिवेवाला चार शब्द शिकलाय."

मला मात्र राहवेना. एका सकाळी दुधाच्या तांब्याबरोबर मी पुस्तकही नेलं. क्लेअर व्हरांड्यात पाव खात होती. आमचं बोलणं तोडक्यामोडक्या इंग्रजीत चालायचं. मी पुस्तक पुढं केलं आणि म्हटलं, "मला हे येतं." मग ताठ उभी राहून, शाळेत कविता म्हणतात तशी, म्हटलं: क ज फ्यूस, क त्यू फ्यूस.

तिनं पाव खाली ठेवला. आधी तिचे डोळे मोठे झाले, मग ती हसायला लागली. वाईट हसणं नव्हतं ते. पण थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"वडिलांनी. त्यांची परीक्षा आहे. तोंडी."

"अगं, हे कुणी बोलत नाही," ती म्हणाली. "कुणीच. माझी आजीसुद्धा बोलत नव्हती. हे जुन्या पुस्तकांत असतं. पॅरिसमध्ये कुणी असं बोललं तर लोकांना वाटेल, थडग्यातून उठून आलाय." तिनं डोळे पुसले. "मलासुद्धा धड येत नाही. शाळेत शिकवलं होतं, विसरले."

मी पुस्तक घेतलं आणि घरी आले. त्या दिवशी सकाळी आबा 'ठेवणे' म्हणत होते आणि मी डोळे पानावरून वर केले नाहीत. सांगावं असं रोज वाटायचं. रोज वाटायचं, उद्या सांगू. सहा दिवस तसेच गेले.

परीक्षेच्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं ते जाणार होते. मी स्टँडवर सोडायला गेले. त्यांच्या अंगात मायनं इस्त्री केलेला पांढरा सदरा होता, खिशाला नवं पेन. काझीसाहेबही आले होते. ते चहाच्या टपरीवर बसले होते. आबा फार खुशीत होते. इतके खुशीत मी त्यांना क्वचित पाहिलंय.

"पहिलंच वाक्य ठरवून ठेवलंय," ते मला म्हणाले. "परीक्षक म्हणतील, बोला तायडे. मी म्हणणार: तुम्ही इथं यावं अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. वू व्हँसिए! टोपीवाल्या घराण्यातलं. मग बघ, उठून उभे राहतात का नाही."

माझ्या डोळ्यांसमोर क्लेअरचं हसणं उभं राहिलं. परीक्षकांच्या टेबलापलीकडं तिघंचौघं, आणि इकडं पांढऱ्या सदऱ्यात आबा. मला ते सहन होईना.

"आबा, ते नका बोलू," मी म्हटलं.

"का?"

"ते कुणी बोलत नाही. मेलेलं आहे ते. क्लेअरबाई म्हणाल्या. त्या हसल्या, आबा. म्हणाल्या, थडग्यातून उठून आल्यासारखं वाटतं."

आबांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. कुणी आपल्याला भलत्याच नावानं हाक मारली की बघतो, तसं.

"मग पुस्तकात काहून दिलंय?" ते म्हणाले.

तेवढ्यात एस.टी. आली. काझीसाहेबांनी टपरीवरून "बेस्ट ऑफ लक, पुंजाजी" म्हटलं. आबा चढले, खिडकीशी बसले. गाडी हलली तेव्हा मी हात वर केला. त्यांनीही केला, पण त्यांचे ओठ हलत होते. ते काहीतरी पुटपुटत होते आणि मध्येच थांबत होते.

दिवेलागणीला ते परत आले. माय दारातच होती.

"कसं झालं?"

"लेखी झकास झाली." त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला. "तोंडीला बोललो नाही."

"म्हणजे?"

"बोललो नाही म्हणजे बोललो नाही. भले लोक होते. पुण्याचे एक प्रोफेसर होते, एक बाई होत्या. बाईंनी पाणी दिलं, म्हणाल्या, घाबरू नका, एखाद्या चित्राबद्दल सांगा. दहा मिनिटं थांबले बिचारे. मग म्हणाले, पुढच्या वर्षी या."

ते जेवले, नेहमीसारखे. माझ्याशी बोलले, नेहमीसारखे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना त्यांनी "विचार" म्हटलं नाही. पुस्तक मायच्या ट्रंकेवर पडून होतं. त्याच्या पुढच्या सकाळीही तेच. घरात वस्तऱ्याचा तेवढा आवाज.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. दूध द्यायला गेले आणि क्लेअरसमोर मला रडू फुटलं. काय झालं ते मी तिला सांगितलं. इंग्रजी पुरेना तिथं हातवारे केले. 

"मी सांगितलं ते खरंच होतं," ती म्हणाली.

"हो."

"पण मी हसले." तिनं कप बाजूला ठेवला. "चल. मी उद्या जाणार आहे. चल माझ्याबरोबर."

आम्ही पायऱ्या चढून सतराव्या लेण्यात गेलो. आबा दिवा घेऊन आधीच उभे होते. ती ज्या चित्राची नक्कल करत होती ते मला पाठ होतं, कारण माझं नाव तिथलं आहे. बुद्ध होऊन सिद्धार्थ आपल्या गावी परतलाय. हातात भिक्षापात्र. दारात यशोधरा आणि लहानगा राहुल. बुद्ध भिंतभर उंच काढलाय आणि ती दोघं त्याच्या गुडघ्याएवढी. मायलेकरं मान वर करून बघताहेत. छप्पन्न साली दीक्षा घेतली त्याच वर्षी आबांना दिव्याची नोकरी लागली, आणि मी झाले तेव्हा त्यांनी नाव शोधायला दुसरीकडं बघितलंच नाही.

क्लेअरनं वही उघडली नाही. ती आबांशी फ्रेंचमधून बोलली, सावकाश. तीन वर्षं पुस्तक धरल्यामुळं मला बरंचसं कळलं.

"मिस्यू तायडे, मी बारा दिवस हे चित्र काढतेय. इथं काय चाललंय ते मला कुणी सांगितलं नाही. तुम्ही सांगा."

"मॅडम, गाइड बाहेर आहेत," आबा इंग्रजीत म्हणाले. "मी लाइटमन."

"मला तुमच्याकडून ऐकायचंय."

 वायर आबांनी उगाच मनगटाभोवती गुंडाळली, सोडली. मला वाटलं, इथंही तोंडीसारखंच होणार. मग त्यांनी दिवा हळूहळू खाली आणला. बुद्धाच्या चेहऱ्यावरून पात्रावर, पात्रावरून तिच्या कपाळावर. आणि ते बोलायला लागले.

साधंच बोलत होते. हा नवरा. ही बायको. सात वर्षं तो नव्हता. हा मुलगा, ह्यानं बापाला पाहिलेलं नाही. वाक्यं छोटी होती, मध्ये अडखळणंही होतं. मग ते म्हणाले, "एल व्हुले..." आणि थांबले. तिला वाटत होतं, की... पुढं काय येणार ते मला माहीत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं नाही.

"एल व्हुले किल रेस्ता," आबा म्हणाले.

त्यानं राहावं असं तिला वाटत होतं. टोपीवालं रूप, तिसरा पुरुष, एकवचनी.

क्लेअर हसली नाही. म्हणाली, "आम्ही आता 'रेस्त' म्हणतो. आजचं रूप वापरतो. 'किल रेस्त'."

"माहीत आहे, मॅडम. मुलीनं सांगितलं." आबा शब्द शोधत होते. "पण 'रेस्त' म्हटलं की ती अजून वाट बघत्येय असं होतं. हिचं तसं नाही. हिचं ते वाटणं झालेलं आहे. बघा तिच्याकडं. ती पोराला पुढं करत्येय. आता तिला काही नकोय. तेव्हा वाटत होतं."

क्लेअर भिंतीजवळ गेली. बारा दिवस जो चेहरा ती पेन्सिलीनं काढत होती, तो तिनं पुन्हा बघितला. मग वही उघडली आणि चित्राखाली काहीतरी लिहायला लागली. मध्येच थांबली. मान वर न करता तिनं विचारलं, "परत येणे. त्यानं परत यावं असं वाटत होतं. काय होतं त्याचं? किल रव्हना?"

"रव्हँ," आबा म्हणाले. "किल रव्हँ. आय वर टोपी."

तिनं खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

संध्याकाळी आबांनी मला सायकलच्या कॅरिअरवर घेतलं. वाघूर नदी ओलांडली. मग मीच म्हटलं, "माझ्यामुळं झालं ना परीक्षेत?"

"एस.टी.त बसलो तिथपर्यंत ठीक होतं," ते पायडल मारत म्हणाले. मला त्यांची पाठच दिसत होती. "तोंडीला बसलो आणि एकेक शब्द तोंडाशी यायचा. वाटायचं, हा तरी जिवंत आहे का? का हाही मेलाय आणि मलाच कुणी सांगितलं नाही? रद्दीतलं पुस्तक, यशू. कुणास ठाऊक आणखी काय काय मेलं असेल त्यात."

"मी सांगायला नको होतं."

"सांगायचंच होतं. पण स्टँडवर नाही. कळलं त्याच दिवशी."

थोडी चढण आली. ते उतरले, मीही उतरले, दोघं सायकल ढकलत चाललो.

"अठरा वर्षं ऐकतोय मी ह्या लोकांना," आबा म्हणाले. "पण हे रूप एकदाही कानावर पडलं नाही. पुस्तकात बघावं तर बारा पानं. मला वाटलं, हे मोठ्या माणसांचं असणार. आपसांत बोलत असतील, घरात. दिवेवाल्यासमोर कशाला बोलतील? म्हटलं, आपण तेच बोलायचं. म्हणजे कुणी असं म्हणणार नाही की ह्याला खालचं-खालचं तेवढं येतं. ऐकतील गप."

 चढण संपल्यावर ते पुन्हा सायकलवर बसले.

दोन महिन्यांनी पॅरिसहून एक पुडकं आलं. आत शाळेतल्या पोरांचं व्याकरण होतं, नवंकोरं, रंगीत चित्रांचं, आणि एक पत्र. पत्रात लिहिलं होतं की ह्यातलं सगळं जिवंत आहे, पान न पान, मी स्वतः तपासलंय. आबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गालाला साबण लावून ते म्हणाले, "विचार."

त्या नव्या पुस्तकात टोपीवालं रूप नव्हतं. पुढं मी औरंगाबादला फ्रेंच शिकले आणि सव्वीस वर्षं कॉलेजात शिकवलं, तेव्हाही ते अभ्यासक्रमात नसायचं. तरी दरवर्षी शेवटच्या तासाला मी ते फळ्यावर लिहायचे. मुलं विचारायची, मॅडम, परीक्षेला आहे का? नाही म्हटलं की वह्या मिटायची. एखाददुसरा उतरून घ्यायचा.

त्या परीक्षेच्या पुढच्याच वर्षी आबा पास झाले. तोंडीला तीच बाई होती. तिनं त्यांना ओळखलं म्हणे. पितळी बिल्ला आला, मायनं तो चिंचेनं घासून चकचकीत केला, खरं तर नवाच होता तो. पहिला गट फ्रान्समधल्या लियों गावचा, अकरा जण, बहुतेक म्हातारे. मला शाळेला सुट्टी होती, मी मागं मागं होते.

आबा पहिल्या लेण्यापासून सतराव्यापर्यंत बोलले. सगळं साधं, आजचं फ्रेंच. त्यांचा आवाज सुरुवातीला जरा चिरका होता, दुसऱ्या लेण्यात बसला. दिवा आता दुसरा माणूस धरत होता. यशोधरेच्या चित्रासमोर मी कान टवकारून उभी राहिले. आबांनी तिची गोष्ट सांगितली. नवरा, बायको, मुलगा, सात वर्षं. एक म्हातारी काठी टेकून अगदी पुढं आली होती. ती आबांच्या तोंडाकडं बघत होती, चित्राकडं नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि मग ते म्हणाले, "एल व्हुले किल रेस्त." साधं रूप. पुढं गेले.

बाहेर उन्हात आल्यावर पाहुणे पाणी प्यायला पांगले. आबा कठड्याला टेकून घाम पुसत होते. मी जवळ गेले.

"ते का नाही वापरलं?" मी विचारलं. "रेस्ता. तुम्हीच म्हणाला होता, तिथं तेच बरोबर."

"बरोबर तेच आहे," आबा म्हणाले.

"मग?"

त्यांनी रुमालाची घडी केली आणि खिशात ठेवली.

"गरज नाही पडली," ते म्हणाले. "ऐकत होते ना."